गळ्याचं माप

"आवंढा गिळा," डॉक्टरीणबाई मागून म्हणाल्या, आणि काजबाईला रडू फुटलं. तसं रडण्यासारखं काहीच घडलं नव्हतं. गणवेश शिवणाऱ्या त्या दुकानात मालकांनी ह्या वर्षीपासून नवी टूम काढली होती, सगळ्या कामगारांची तपासणी करून घ्यायची. जवळच्या इस्पितळातून एक डॉक्टरीण आली, इस्त्रीच्या टेबलावरचे कपडे हलवून तिथे रक्तदाबाचं यंत्र मांडलं, खाली वजनाचा काटा ठेवला, आणि एकवीस माणसं रांगेत उभी राहून एकमेकांच्या पोटांची टिंगल करू लागली. काजबाई म्हणजे दुकानात काजं-बटणं करणारी. तीस वर्षं तेच करत आल्यामुळे तिचं नाव विचारायचं कुणाला सुचत नसे. ती काट्यावर चढली तसा बाह्या जोडणारा म्हणाला की आता नवा काटा आणायला सांगा, आणि सगळ्यांच्या आधी ती स्वतःच हसली. जाड माणसानं आधी हसून मोकळं व्हायचं असतं हे ती लहानपणीच शिकली होती. बोटातून रक्त काढलं तेव्हाही ती हसतच होती. मग डॉक्टरीणबाईंनी तिला स्टुलावर बसवलं, कोटाचं वरचं बटण काढायला सांगितलं, जे लागतच नव्हतं म्हणून काढायचं नव्हतं, आणि मागे उभं राहून दोन्ही हातांची बोटं गळ्यावर टेकवली. बोटं गार होती. "आवंढा गिळा." काजबाईनं गिळला, आणि पुढचं तिला आवरेना. 

दोन वर्षांत त्या जागी कुणाचं बोट लागलं नव्हतं, हे कुणाला कसं सांगणार? तिचा नवरा ह्याच दुकानात कटर होता. घरीदारी सगळे त्याला कटरच म्हणत. कापड कापायचं आणि गिऱ्हाइकाची मापं घ्यायची हे त्याचं काम. दुसरे लोक गळ्याचं माप समोर उभं राहून घेतात, तो मागे उभा राही. टेप गळ्याभोवती आणायची, टेपच्या आत एक बोट सरकवायचं आणि म्हणायचं, आवंढा गिळा. नुसत्या उभ्या माणसाला बसलेली कॉलर तो जेवायला बोलायला लागला की त्याचा जीव घेते, असं त्याचं म्हणणं. आवंढा बोटाखालून वर-खाली जाऊन आला की तो आकडा मोठ्यानं म्हणे, साडेचौदा, पावणेसोळा, आणि बाजूला बसलेली काजबाई तो मापाच्या वहीत लिहून घेई. तिचं स्वतःचं माप तो वर्षातून एकदा घ्यायचा, दुकानातून कामगारांना कामाचा कोट मिळायचा तेव्हा. दुपारच्या सुट्टीत सगळे जेवायला बाहेर गेले की तो म्हणे, "उभी राहा गं." ती पाठमोरी उभी राही. टेप, बोट, आवंढा. आणि मग आकडा नाही. नुसतं "झालं." पण झाल्यावरही ते बोट क्षणभर तिथेच असे, टेप निघाली तरी असे. सव्वीस वर्षांच्या संसारात दोघांनी एकमेकांना लाडाचं म्हणून काही म्हटलेलं तिला आठवत नव्हतं. जे काही होतं ते त्या बोटात होतं, आणि ती वर्षभर त्याची वाट बघायची. आता दोन वर्षं ती काय बघत होती तेच तिला समजत नव्हतं. सकाळी कुलूप लावताना ती आपोआप बाजूला सरकायची, त्याला आधी जिना उतरू द्यायला. दुकानात कापायच्या टेबलाशी आता नवा माणूस होता, कामगारांचे कोट तो माप न घेता जुन्याच बेतानं कापायचा. त्याची कात्री वेगळी वाजायची, एका दमात नाही, थांबून थांबून, आणि प्रत्येक वेळी ती थांबली की काजबाई मान वर करायची.

डॉक्टरीणबाईंनी तिला रडू दिलं. मग पुन्हा डावीकडे चाचपलं, पुन्हा एकदा चाचपलं, आणि चिठ्ठी लिहून दिली. आठवडाभरात सोनोग्राफी झाली, मग गळ्यात सुई घालून तपासणी झाली, आणि पुढच्या सोमवारी ती इस्पितळात त्यांच्यासमोर बसली. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, खिडकीला अर्धा पडदा. पडद्याची दुमड तिरकी शिवलेली होती आणि काजबाईचं लक्ष राहून राहून तिकडे जात होतं. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. थायरॉइडच्या ग्रंथीत डावीकडे गाठ आहे, कॅन्सरची आहे, पण त्यातल्या हळू वाढणाऱ्या प्रकारची दिसते, आणि ऑपरेशन केलं की हा प्रकार बहुतेक वेळा पार बरा होतो. काजबाईनं मान हलवली. तिला भीती वाटली का? वाटली, पण ती कुठेतरी दूर, शेजारच्या घरात भांडं पडावं तशी. तिनं एकच विचारलं, वजनामुळे झालं का. कारण नणंद फोनवर म्हणाली होती, हे सगळं थायरॉइडचं, म्हणून तर वहिनी, तुम्ही फुगलात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की तसं नाही. ग्रंथीचं काम ठीक चाललंय, वजन तिच्यामुळे वाढलेलं नाही. उलट बाजूनं मात्र थोडं खरं असावं. ज्यांचं वजन जास्त, कमरेचा घेर जास्त, साखर वर गेलेली, जशी तुमची गेली आहे, त्यांच्यात हा कॅन्सर जरा जास्त सापडतो. चरबी वाढली की रक्तात इन्सुलिन जास्त राहतं आणि ते पेशींना वाढायला लावत असावं असं समजतात. "पण जराच जास्त, काकू. बारीक माणसांनाही होतो. तुम्हाला कशानं झाला ते मी सांगू शकत नाही, आणि कुणी छातीठोक सांगितलं तर ऐकू नका." मग त्यांनी कागद पुढे ओढला. "गाठ कधीपासून आहे?"

"दोन वर्षं," काजबाई म्हणाली. विचार न करता म्हणाली. तिचं सगळंच दोन वर्षांचं होतं. तो सकाळी दुकानात टेबलावर कापड पसरताना छातीला हात लावून खाली बसला आणि उठला नाही, त्याला दोन वर्षं. मान जड वाटायला लागली, कोट आवळायला लागला, जिन्यात दम लागायला लागला, त्याला दोन वर्षं. दुःखानं माणूस वाळतं असं जग म्हणतं. ती मात्र सुजावी तशी वाढत गेली. नणंद महिन्या दोन महिन्यांनी यायची, तोंडावर काही बोलायची नाही, नुसती नखशिखांत बघायची. भावाच्या बायकोनं कसं सुकून काटकी व्हायला हवं होतं. दुसऱ्या गावी नोकरीला असलेली लेक फोनवर रोज विचारायची, आई चाललीस का आज, आई गोड खाल्लंस का. काजबाई हो म्हणायची, नाही म्हणायची, आणि फोन ठेवून बशीभर काहीतरी घेऊन बसायची, त्याच्या खुर्चीकडे तोंड करून. ह्या वाढलेल्या अंगाची तिला लाज वाटे, पण खरं सांगायचं तर ते तिला हवंही होतं. तिनं रडून गोंधळ घातला नव्हता, गळून अंथरूण धरलं नव्हतं. तो गेल्याची खूण म्हणून तिच्यापाशी एवढीच होती. काट्यानं त्या दिवशी सत्त्याऐंशी किलो दाखवले तेव्हा तिनं मनात हिशेबही मांडून टाकला होता, त्यातले वीस तरी त्याचे.

डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. दोन वर्षांत एवढी वाढली असेल तर ते आमच्या रिपोर्टशी जुळत नाही, त्या म्हणाल्या. भराभर वाढणारी गाठ म्हणजे गोष्ट निराळी, मग ऑपरेशन मोठं, पूर्ण ग्रंथी काढायची, आणि त्याआधी आणखी तपासण्या. बरीच वर्षं हळूहळू वाढली असेल तर अर्धीच काढून भागेल. नीट आठवून बघा. जुना फोटो असेल तर आणा, गळा दिसेल असा. शनिवारी या.

जुने फोटो घरात होते, गळा मात्र कशातच नव्हता. लेकीच्या पदवीच्या फोटोत वरचं बटण लावलेलं, नणंदेच्या घरी काढलेल्यात लावलेलं, दुकानाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा सगळ्या कामगारांनी रांगेत उभं राहून काढलेल्यातही लावलेलं. कटरला ते तसंच लागे. बटणं करणाऱ्या बाईचंच बटण उघडं दिसलं तर गिऱ्हाईक काय म्हणेल, असं तो म्हणायचा, आणि घरातून निघताना जिन्यावर कधी कधी स्वतःच्या हातानं लावायचा. फोटोंच्या खाली, ट्रंकेत, कामाचे जुने कोट घडी करून ठेवलेले होते. चिंध्या म्हणून दुकानात न्यायचे राहून गेलेले पाच कोट, त्याच्या शेवटच्या पाच वर्षांचे, गडद निळे, रंग उडून राखाडी पडलेले. तिनं उगाच एक उचलून नाकाशी धरला. साबणाचा वास, लोखंडी कात्रीचा वास, की नुसताच ट्रंकेचा? बाहेर भर दुपार होती, समोरच्या इमारतीत कुणीतरी भिंतीला खिळा ठोकत होतं. कोट उलटा करून ती वास शोधत होती, तेव्हा कुशीच्या, बगलेखालून उतरणाऱ्या शिवणीजवळ तिला पट्टी दिसली.

करंगळीएवढी रुंद, गडद निळी, न उडालेली. शिवायचं काम करणाऱ्याला ह्याचा अर्थ सांगावा लागत नाही. शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवलेलं असतं, त्याला ऊन लागत नाही. शिवण उसवून कपडा सैल केला की ते आतलं कापड बाहेर येतं आणि त्याचा मूळ रंग चहाडी करतो. पट्टीच्या कडेला जुन्या टाक्यांची भोकंही होती, बारीक, ओळीनं. तिनं दुसरी कुशी पाहिली, तिथेही पट्टी. दुसरा कोट काढला. त्यात दोन पट्ट्या शेजारी शेजारी, एक जरा उडालेली, एक ताजी. म्हणजे वर्षातून दोनदा. तिसरा, चौथा, पाचवा. तिनं पाचही कोट जमिनीवर क्रमानं, सगळ्यात जुना आधी, असे पसरले आणि गुडघे दुखत असतानाही त्यांच्यामध्ये बसली. दरवर्षीचा कोट आदल्या वर्षीच्या कोटाहून मोठा बेतलेला, आणि तरी वर्षाच्या मधोमध उसवून आणखी सैल केलेला. टाके त्याचेच. शेवटच्या गाठीला तो दोरा डावीकडे वळवायचा, असं करणारा दुकानात दुसरा कुणी नव्हता. कधी केलं त्यानं हे? ती आंघोळीला गेल्यावर? रविवारी ती बाजारात गेल्यावर? अंगठी बोटात जाईना तेव्हा म्हणाला होता, वयानं हाडं मोठी होतात. चप्पल बदलली तेव्हा म्हणाला होता, हल्ली ह्या लोकांचे नंबरच धड नसतात. आणि तिनं मान हलवून ते सगळं मानलं होतं, कारण कोट तर नीट बसत होता. सात वर्षं ती वाढत होती. वीस किलो त्याच्या दुःखाचे नव्हतेच. फार तर पाच असतील, सहा. तो गेला, कोट सैल करणारा हात गेला, म्हणून कोट आवळला. तेवढंच दोन वर्षांचं होतं.

तिला इतका राग आला की तिनं पाचवा कोट दूर भिरकावला. माझ्या दुःखालाही तुम्ही हात घातलात, ती भिंतीला म्हणाली. अहो-जाहो करूनच म्हणाली, भांडतानासुद्धा ती सवय सुटत नव्हती. कोट खुर्चीच्या पायाशी उताणा पडला, कॉलर वर करून, आणि त्या कॉलरीत तिला आणखी काहीतरी दिसलं. ती रांगत गेली. कॉलरीच्या आतल्या पट्टीत, डाव्या बाजूला, नखाएवढं तिकोनी कापड जोडलेलं होतं. फक्त डाव्या बाजूला. उजवी बाजू अखंड. तिनं चौथा कोट पाहिला. त्यातही होतं, थोडं लहान. तिसऱ्यात त्याहून लहान, तांदळाच्या दाण्यासारखं. दुसऱ्यात नव्हतं, पहिल्यात नव्हतं. नंतर कितीतरी वेळ ती ते तीन तुकडे अंगठ्यानं चोळत राहिली. त्याच्या बोटाला लागली होती ती गाठ. आवंढ्याबरोबर डावीकडे काहीतरी वर सरकलं होतं, आणि बोट क्षणभर तिथे थांबलं होतं, टेप निघाल्यावरही. ती वर्षभर ज्याची वाट बघायची ते बोट काय शोधत होतं? तिला वाटायचं ते, की हे? आणि शोधून त्यानं केलं काय, तर कापड जोडलं. पण तो दुसरं काय करणार होता. एक खांदा पडका असलेल्या पोस्टमनला त्यानं कधी खांदा पडका आहे असं कळू दिलं नाही, आत अस्तराचा थर जास्त दिला आणि माणूस सरळ करून पाठवला. कुबड असलेल्या रखवालदाराचा कोट त्यानं असा कापला की तो रखवालदार दुकानाच्या आरशासमोरून हलेना. अंगात काही निराळं लागलं की त्याचा हात कात्रीकडे जायचा, डॉक्टर त्याला सुचतच नसे. पण बोलायला काय झालं होतं, निदान मला. एक शब्द, एक आकडा.

आणि मग तिला आठवलं. लग्नानंतरचा पहिला कोट. दुपारची सुट्टी, दुकान रिकामं. त्यानं सवयीनं टेप लावली आणि सवयीनं मोठ्यानं म्हणाला, सव्वातेरा. एवढाच आकडा, लहानसा, कुणी ऐकायलाही नव्हतं, आणि ती ओक्साबोक्शी रडायला लागली. तो घाबरला. मग तिनं त्याला सांगितलं. आई तिला पिंप म्हणायची. कपडे घ्यायला गेलं की आई दुकानभर ऐकू जाईल असा तिच्या कमरेचा आकडा सांगायची, आणि लोक वळून बघायचे. तेव्हापासून ती आधी हसून घ्यायला शिकली होती. "माझं माप कधी मोठ्यानं म्हणू नका," ती त्याला म्हणाली होती, "मलासुद्धा सांगू नका." त्यानं टेप गुंडाळली. जरा वेळानं म्हणाला, "नाही म्हणणार." बस्स. त्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही. तिनं ते विसरून टाकलं आणि त्यानं सव्वीस वर्षं पाळलं. आकडा वाढत गेला तसा तो एकटाच जवळ ठेवत गेला, सव्वातेरा, चौदा, पंधरा, आणि शेवटी डावीकडचं ते काहीतरीसुद्धा. कदाचित सांगायचं त्याच्या ओठांवर आलं असेल. त्या शेवटच्या दुपारी तो "झालं" म्हणायला नेहमीपेक्षा उशीर लावत होता का? तिला आठवत होतं असं वाटलं, आणि मग आठवत नव्हतं असंही वाटलं. राग कुठे गेला ते तिला समजलं नाही. राहिली ती नुसती ओढ, की तो ह्या क्षणी मागे येऊन उभा राहावा आणि तिनं मान न वळवता म्हणावं, सांगा आता, मी रडणार नाही.

शनिवारी तिनं पाचही कोट पिशवीत भरून नेले. डॉक्टरीणबाईंना आधी वाटलं बाई काही शिवून विकायला घेऊन आल्यात. मग काजबाईनं ते टेबलावर ओळीनं मांडले, जुना डावीकडे, आणि दुकानात नव्या कारागिराला दाखवावं तसं दाखवत गेली. ही पट्टी, ही भोकं, हा पहिला तुकडा, तो गेला त्याच्या तीन वर्षं आधीचा, म्हणजे आजपासून पाच. हा दुसरा. हा तिसरा. डॉक्टरीणबाईंनी मोजपट्टी मागवून तुकडे मोजले. त्यांनी फोटो पुष्कळ पाहिले असतील, असलं काही पाहिलं नव्हतं. "कुणी केलं हे?" त्यांनी विचारलं. काजबाईनं सांगितलं. त्यांनी तिसरा तुकडा पुन्हा एकदा मोजला. मग म्हणाल्या की हे रिपोर्टशी जुळतं. हळूच वाढली आहे. आमचे सर्जन एकदा बघतील, पण अर्धी ग्रंथी काढून भागेल असं दिसतंय. वजन आणि साखर आपण त्यानंतर हातात घेऊ, घाईनं नाही, भिऊन नाही. यजमानांनी तेव्हाच आणलं असतं तर बरं झालं असतं, हे त्यांच्या जिभेवर आलं असावं. ते त्यांनी गिळलं, आणि काजबाईला त्या बाईबद्दल फार बरं वाटलं. उठता उठता त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "व्रण इथे पुढेच येईल, सुरकुतीत. वरचं बटण लावलंत की कुणाला कळायचंही नाही."

काजबाईनं कोटांची एकेक घडी घातली. काजाकडची बाजू आत, कॉलर वर, तो घालायचा तशी. "बटण नाही लावणार," ती म्हणाली. "दिसू दे." पिशवी खांद्याला लावून ती दारापर्यंत गेली आणि तिथे थांबली. बाहेर पुढच्या पेशंटचं नाव पुकारून झालं होतं. तिला विचारायची लाज वाटली, आणि तरी तिनं विचारलं.

"डॉक्टर, एकदा परत बघता का? मागे उभं राहून?"

बघण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. डॉक्टरीणबाईंनी दार लोटलं. काजबाई स्टुलावर बसली, पाठ ताठ, डोळे मिटलेले, आणि पिशवीतून स्वतःची टेप काढून तिनं गळ्याभोवती घेतली. मागून बोटं आली, तशीच गार. डावीकडचं एक बोट टेपच्या आत सरकलं. आवंढा गिळा असं कुणी म्हणायच्या आधीच तिनं गिळला. तो बोटाखालून वर गेला, खाली आला. बोट थांबलं होतं.

तिनं डोळे उघडले, टेपची दोन्ही टोकं जिथे भेटत होती तिथे चिमटीत धरून टेप डोळ्यांसमोर आणून पाहिली, आणि दार ओलांडून बाहेर बाकावरच्या माणसांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "साडेपंधरा. लिहून घ्या."